द्या थोडं, साठवा थोडं: दान आणि गुंतवणुकीची पहिली पावलं

पगार जमा झाल्याचा मेसेज फोनवर येतो आणि पाठोपाठ बाकीचे मेसेजही यायला लागतात. सोसायटीच्या ग्रुपवर वर्गणीची आठवण येते. नात्यातल्या कुणीतरी हॉस्पिटलमधल्या एका लहान मुलाचा फोटो फॉरवर्ड केलेला असतो आणि त्याखाली क्यूआर कोड असतो. ऑफिसमधला मित्र विचारतो, "अजून एसआयपी सुरू केली नाहीस?" तेवढ्यात कुठूनतरी फोन येतो, "मॅडम, एक खूप छान पॉलिसी आहे, फक्त आजच्या दिवस."

अशा वेळी आपण काय करतो? शेजारी काय म्हणतील म्हणून वर्गणी देतो. फोटो पाहून मन हललं तर पैसे पाठवतो, नाहीतर बोटाने वर सरकवून पुढे जातो. एसआयपी पुढच्या महिन्यावर ढकलतो. वर्षाच्या शेवटी हिशेब करायला बसलं, तर दान किती केलं तेही आठवत नाही आणि साठलं किती तेही सांगता येत नाही.

शाळेत सरळव्याज आणि चक्रवाढव्याजाची गणितं आपण सगळ्यांनीच सोडवली, पण स्वतःच्या पैशांचं काय करायचं ते कुणी शिकवलं नाही. दान आणि गुंतवणूक या दोन गोष्टी वरवर एकमेकींच्या उलट वाटतात. एकीत पैसा जातो, दुसरीत वाढतो. पण दोन्ही शिकायला गेलात तर नियम जवळपास सारखेच निघतात. रक्कम लहान चालते, पण ती ठरवून द्यावी लागते, नियमित द्यावी लागते आणि पैसा कुठे जातोय ते विचारावं लागतं. चला, सुरुवातीपासून बघूया.

आधी पोटोबा, मग विठोबा

ही म्हण पैशांनाही तितकीच लागू पडते. दान किंवा गुंतवणूक सुरू करण्याआधी घरातल्या दोन गोष्टी तपासा.

पहिली गोष्ट म्हणजे महागडं कर्ज. क्रेडिट कार्डाचं बिल पूर्ण न भरता फक्त 'मिनिमम ड्यू' भरत असाल, तर उरलेल्या रकमेवर बहुतेक कार्डांचं व्याज वर्षाला ३६ टक्के किंवा त्याहून जास्त पडतं. खात्रीने इतका परतावा देणारी कोणतीही गुंतवणूक नाही. त्यामुळे असं कर्ज फेडणं हीच तुमची पहिली गुंतवणूक समजा.

दुसरी गोष्ट म्हणजे अडीअडचणीचा पैसा. नोकरी गेली, घरात कुणी आजारी पडलं, गावी अचानक जावं लागलं, तर तीन ते सहा महिन्यांचा घरखर्च हाताशी असायला हवा. हा पैसा बचत खात्यात किंवा लगेच मोडता येईल अशा मुदत ठेवीत ठेवा. बँक अडचणीत आली तर प्रत्येक ठेवीदाराच्या एका बँकेतल्या ५ लाख रुपयांपर्यंतच्या ठेवीला विम्याचं संरक्षण असतं. फेब्रुवारी २०२० पासून ही मर्यादा १ लाखावरून ५ लाखांवर गेली आहे. यात मुद्दल आणि व्याज दोन्ही धरतात.

मग तोपर्यंत दान थांबवायचं का? मुळीच नाही. फूल ना फुलाची पाकळी देता येतेच. फक्त ती पाकळी आपल्या ऐपतीत बसायला हवी. कर्ज काढून किंवा घरभाडं थकवून केलेलं दान पुढे घरातच कुरबुरीचं कारण होतं.

गुंतवणूक म्हणजे नेमकं काय?

बचत म्हणजे पैसा खर्च न करणं. गुंतवणूक म्हणजे तो पैसा कामाला लावणं. बाजारात शेकडो योजना दिसतात, पण सामान्य माणसासमोर त्यांचे मूळ प्रकार दोनच येतात. एक तर तुम्ही पैसा कुणाला तरी उसना देता, नाहीतर कशात तरी भागीदार होता.

उसना देण्याचा प्रकार आपल्या घरांत जुनाच आहे. मुदत ठेवीत तुम्ही बँकेला पैसा उसना देता. पोस्टाच्या आवर्ती ठेवीत, म्हणजे आरडीत, महिन्याला १०० रुपयांपासून सुरुवात करता येते आणि मुदत ५ वर्षांची असते. पीपीएफ ही सरकारची योजना १९६८ पासून चालत आली आहे. तिची मुदत १५ वर्षं असून वर्षाला किमान ५०० आणि जास्तीत जास्त दीड लाख रुपये भरता येतात. दहा वर्षांखालच्या मुलीच्या नावाने २०१५ साली सुरू झालेल्या सुकन्या समृद्धी योजनेत वर्षाला किमान २५० रुपये भरून खातं चालू ठेवता येतं. या सगळ्यांत किती मिळणार याचा अंदाज असतो, जोखीम कमी असते आणि वाढही बेताची असते.

भागीदार होण्याचा प्रकार म्हणजे शेअर. एखाद्या कंपनीचा शेअर घेतला की त्या कंपनीचा एक छोटासा तुकडा तुमच्या मालकीचा होतो. कंपनीचं बरं चाललं तर तुमचंही बरं, नाहीतर तोटा तुमचाही. एकेक कंपनी निवडणं नवख्या माणसाला अवघड जातं. म्हणून म्युच्युअल फंड आला. हजारो लोकांचा पैसा एकत्र करून तो अनेक कंपन्यांत किंवा रोख्यांत गुंतवला जातो. त्यातला इंडेक्स फंड सेन्सेक्सच्या ३० किंवा निफ्टीच्या ५० कंपन्यांसारख्या ठरलेल्या यादीप्रमाणेच पैसे लावतो. त्यामुळे त्याचा खर्च सहसा कमी असतो.

आणि एसआयपी? पुष्कळ जणांना ती एखादी योजनाच वाटते. खरं तर एसआयपी ही फक्त पैसे भरण्याची पद्धत आहे. दर महिन्याला ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम तुम्ही निवडलेल्या फंडात जाते, इतकंच. बऱ्याच फंडांत ती ५०० रुपयांपासून सुरू होते, काहींत १०० पासूनही. बाजार वर असेल तेव्हा त्या पैशांत कमी युनिट मिळतात, खाली असेल तेव्हा जास्त. म्हणजे खरेदीचा भाव आपोआप सरासरीवर येतो.

थेंबे थेंबे तळे साचे, पण वेळ लागतो

समजा, तुम्ही दरमहा ५०० रुपये बाजूला टाकले आणि त्यावर वर्षाला ७ टक्के दराने, दर महिन्याला चक्रवाढ धरून, वाढ मिळत गेली. दहा वर्षांत तुम्ही ६० हजार भरता आणि हातात साधारण ८६ हजार ५०० येतात. म्हणजे वाढ झाली साडेसव्वीस हजारांची. हेच तुम्ही आणखी दहा वर्षं चालू ठेवलंत, तर एकूण १ लाख २० हजार भरून सुमारे २ लाख ६० हजार होतात. दुसऱ्या दहा वर्षांतली वाढ १ लाख १४ हजारांच्या घरात जाते. भरलेली रक्कम तीच, पण दुसऱ्या टप्प्यात व्याजावरचं व्याज जोर धरतं. म्हणूनच रक्कम मोठी होईपर्यंत थांबण्यापेक्षा लहान रकमेने लवकर सुरुवात केलेली बरी.

याच गणिताची दुसरी बाजूही लक्षात घ्या. महागाई वर्षाला ६ टक्के राहिली तर १२ वर्षांत किमती दुप्पट होतात. म्हणजे कपाटात ठेवलेले १ लाख रुपये बारा वर्षांनी आजच्या ५० हजारांइतकंच सामान आणतील. पैसा नुसता ठेवणं हाही एक प्रकारचा तोटाच आहे.

बाजारातली जोखीमही खरी असते. जानेवारी २०२० मध्ये ४२ हजारांवर गेलेला सेन्सेक्स २३ मार्चला २६ हजारांखाली बंद झाला आणि नोव्हेंबरमध्ये पुन्हा ४२ हजारांच्या वर आला. पण नेहमी असं आठ महिन्यांत भागत नाही. जानेवारी २००८ मध्ये २१ हजारांवर पोहोचलेला सेन्सेक्स कोसळल्यानंतर पुन्हा २१ हजारांवर बंद व्हायला नोव्हेंबर २०१० ची दिवाळी उजाडावी लागली. त्यामुळे पुढच्या वर्षी लागणारी कॉलेजची फी किंवा बहिणीच्या लग्नाचा पैसा शेअर बाजारात ठेवू नका. पाच-सात वर्षं हात लावावा लागणार नाही, एवढाच पैसा तिथे ठेवा.

दान कुणाला द्यायचं?

आपल्याकडे 'सत्पात्री दान' हा शब्द पूर्वीपासून आहे. दान योग्य हाती पडलं पाहिजे, हा त्याचा साधा अर्थ. आता ते हात फोनच्या स्क्रीनपलीकडे असतात, म्हणून थोडी चौकशी करावी लागते.

भारतात सेवाभावी संस्था साधारण तीन रूपांत दिसतात. सार्वजनिक न्यास म्हणजे ट्रस्ट, १८६० च्या सोसायटी नोंदणी कायद्याखालची संस्था आणि कंपनी कायदा २०१३ च्या कलम ८ खालची ना-नफा कंपनी. महाराष्ट्रात आणि गुजरातमध्ये न्यासांची नोंद धर्मादाय आयुक्तांकडे असते. इतर राज्यांत व्यवस्था वेगळी असू शकते. संस्थेला नोंदणी क्रमांक विचारा, गेल्या वर्षीचा अहवाल आणि लेखापरीक्षण झालेला हिशेब मागा. चांगली संस्था अशा प्रश्नांनी रागावत नाही, उलट आनंदाने माहिती पाठवते.

दान नेहमी पैशांतच करायला हवं असंही नाही. १८ ते ६५ वयाची, निकषांत बसणारी निरोगी व्यक्ती रक्तदान करू शकते. पुरुषांना तीन महिन्यांनी, तर स्त्रियांना चार महिन्यांनी पुन्हा रक्त देता येतं. वस्तू देताना मात्र एक प्रश्न स्वतःला विचारा, हे मी माझ्या भावंडाला दिलं असतं का? अंशू गुप्ता यांनी १९९९ मध्ये दिल्लीत सुरू केलेली 'गूंज' ही संस्था शहरांतले वापरलेले कपडे गोळा करून नीट निवडते. गावातले लोक मिळून विहीर, रस्ता किंवा पूल अशी गावाची कामं करतात आणि हे कपडे त्यांना त्या कामाचा मोबदला म्हणून मिळतात. घेणाऱ्याचा मान राखणारं दान कसं असतं, ते यातून दिसतं.

दान आणि करसवलत

'दान केलं की तेवढा टॅक्स वाचतो' हा सगळ्यात मोठा गैरसमज. १९६१ च्या आयकर कायद्यातलं कलम ८० जी या सवलतीसाठी ओळखलं जातं. २०२५ च्या नव्या कायद्यात कलमांचे क्रमांक बदलले असले, तरी लोकांच्या तोंडी अजून ८० जीच आहे. यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवा.

एक, ही सवलत जुन्या करप्रणालीतच मिळते. २०२३-२४ या आर्थिक वर्षापासून नवी करप्रणाली आपोआप लागू होते. त्यामुळे तुम्ही जुनी निवडली नसेल तर या सवलतीचा विचार सोडून द्या.

दोन, सवलत करात नसून करपात्र उत्पन्नात मिळते. अनेक संस्थांच्या बाबतीत दानाच्या ५० टक्के रक्कमच वजा होते. प्रधानमंत्री राष्ट्रीय मदत निधी आणि मुख्यमंत्री सहाय्यता निधी यांसारख्या निधींसाठी ती १०० टक्के असते. समजा, ५० टक्क्यांच्या संस्थेला तुम्ही १० हजार दिले. उत्पन्नातून वजा होतील ५ हजार. तुम्ही २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ४ टक्के उपकर धरून कर वाचेल १,०४० रुपये. म्हणजे तुमच्या खिशातून ८,९६० रुपये गेलेच.

तीन, एकाच संस्थेला २,००० रुपयांहून जास्त दान रोखीने दिलं तर त्यावर सवलत मिळत नाही. कपडे, धान्य, पुस्तकं अशा वस्तूंवरही मिळत नाही.

चार, नुसती पावती पुरत नाही. संस्थेने आयकर विभागाला कळवून तुम्हाला दानाचं प्रमाणपत्र द्यायला हवं. ते मागून घ्या.

थोडक्यात, करसवलत म्हणजे जेवणानंतरचा विडा. मिळाला तर उत्तम, पण त्याच्यासाठी कुणी जेवायला जात नाही. गुंतवणुकीलाही हेच लागू आहे. मार्चच्या शेवटच्या आठवड्यात फक्त कर वाचवायला घाईत घेतलेल्या पॉलिसी पुढे कितीतरी घरांत नकोशा होतात.

जिथे दान आणि गुंतवणूक एकत्र येतात

आपल्या बऱ्याच शाळांमध्ये एक पद्धत आहे. कुणीतरी आई-वडिलांच्या स्मरणार्थ शाळेकडे कायम ठेव ठेवतं. मुद्दलाला हात लावायचा नाही आणि दरवर्षीच्या व्याजातून एखाद्या हुशार विद्यार्थ्याला बक्षीस द्यायचं, असा त्यामागचा हेतू असतो. इंदूर, बडोदा, हैदराबाद अशा शहरांत राहणाऱ्या मराठी कुटुंबांनाही ही पद्धत अनोळखी नसेल. हे दान आहे आणि गुंतवणूकही आहे. पन्नास हजारांची ठेव ७ टक्क्यांनी वर्षाला साडेतीन हजार रुपये देते, म्हणजे एका मुलीची वर्षभराची वह्या-पुस्तकं.

हाच विचार मोठ्या प्रमाणावर जमशेटजी टाटा यांनी १८९२ मध्ये केला. परदेशी उच्च शिक्षणासाठी त्यांनी जे. एन. टाटा एंडोमेंट हा निधी उभारला. त्यातून विद्यार्थ्यांना कर्जाऊ शिष्यवृत्ती मिळते. शिकून स्थिरावलेला विद्यार्थी पैसे परत करतो आणि ते पुढच्या विद्यार्थ्याच्या उपयोगी पडतात. माजी राष्ट्रपती के. आर. नारायणन आणि खगोलशास्त्रज्ञ जयंत नारळीकर या शिष्यवृत्तीचे मानकरी होते. एकदा दिलेला पैसा सव्वाशे वर्षांहून जास्त काळ फिरत राहिला आहे.

तुम्ही अशी ठेव ठेवणार असाल तर महागाईचं गणित मात्र विसरू नका. जुन्या शाळेच्या समारंभात कधी कधी अजूनही ५१ रुपयांचं बक्षीस जाहीर होतं. ठेव ठेवली तेव्हा ती रक्कम मोठी होती, पण मुद्दल मात्र वाढलं नाही. म्हणून सगळं व्याज वाटून न टाकता त्यातला थोडा भाग पुन्हा मुद्दलात घालावा, अशी अट आधीच लिहून ठेवा.

फसवणारे दोन्ही दारांनी येतात

दामदुप्पट योजना आपल्याला नवीन नाहीत. आता त्या व्हॉट्सॲप ग्रुपवर येतात. 'रोज २ टक्के नफा' असा दावा असतो आणि ग्रुपमधले अनोळखी लोक आपापल्या नफ्याचे स्क्रीनशॉट टाकत असतात. दुसऱ्या दाराने खोटी आवाहनं येतात. कुणाच्यातरी आजारी मुलाचा फोटो उचलून त्याखाली भलत्याच माणसाचा क्यूआर कोड लावलेला असतो.

पैशांचं नुकसान तर होतंच, पण त्याहून वाईट म्हणजे एकदा फसलेला माणूस पुढच्या दहा खऱ्या गरजूंनाही नाही म्हणतो. बुडालेली काकू बँकेतल्या साध्या ठेवीकडेही संशयाने बघायला लागते. म्हणून पैसे पाठवण्याआधी तीनच प्रश्न विचारा.

हे कोण आहेत? गुंतवणूक सल्लागार किंवा फंड असेल तर सेबीकडे नोंदणी आहे का, संस्था असेल तर नोंदणी क्रमांक काय, ते तपासा. आजारपणाचं आवाहन असेल तर हॉस्पिटलला स्वतः फोन करा आणि जमल्यास रुग्णाच्या नावाने थेट हॉस्पिटलच्या खात्यात पैसे भरा.

पैसा कुठे जाणार? कुणा व्यक्तीच्या खात्यात मागत असतील तर थांबा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच टाकावा लागत नाही, हे घरातल्या आजी-आजोबांनाही सांगून ठेवा.

मला पुरावा काय मिळणार? पावती, प्रमाणपत्र, खात्याचं विवरण, यातलं काहीतरी हवंच. 'आत्ताच्या आत्ता' अशी घाई कुणी केली तर उत्तर नाही असंच ठेवा. फसवणूक झालीच तर लाजून गप्प बसू नका. लगेच १९३० या क्रमांकावर फोन करून तक्रार नोंदवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता जास्त.

या महिन्यात काय कराल?

समजा, तुमचा पगार २५ हजार आहे. घरखर्चाला हात लागण्याआधीच, पगाराच्या दुसऱ्या दिवशी तीन रकमा आपोआप बाजूला जातील अशी सोय करा. अडीअडचणीच्या निधीसाठी २,००० रुपये, दीर्घ मुदतीच्या गुंतवणुकीसाठी ५०० आणि दानासाठी २५०. आकडे तुमच्या घराप्रमाणे बदला. पगार वाढला की तिन्ही वाढवा.

दानाच्या २५० रुपयांचं वर्षाला ३,००० होतात. वर्षभरासाठी एक किंवा दोन संस्था निवडा. सगळ्यांना थोडं थोडं वाटण्यापेक्षा एकाच ठिकाणी नियमित दिलेलं संस्थेला जास्त उपयोगी पडतं, कारण पुढच्या महिन्याचं नियोजन तिला करता येतं. दानाचा आकडा आधीच ठरलेला असला की फोनवर आलेल्या प्रत्येक फोटोपुढे अपराधी वाटत नाही आणि एखादं खरं आवाहन समोर आलं तर देण्यासाठी पैसाही असतो.

घरात लहान मुलं असतील तर त्यांना दोन डबे द्या. एक स्वतःसाठी साठवायचा, दुसरा दुसऱ्यासाठी. दुसऱ्या डब्यातला पैसा कुणाला द्यायचा ते त्यांनाच ठरवू द्या. मोठ्यांनी एक वही करावी. कोणती खाती, कोणते फंड, कुणाला किती दान, कुठल्या पावत्या, सगळं त्यात लिहावं. प्रत्येक खात्याला वारसदाराचं नाव, म्हणजे नॉमिनी, लावलं आहे का ते बघावं आणि ती वही कुठे ठेवली आहे, हे घरातल्या आणखी एकाला तरी माहीत असावं.

गुंतवणुकीत तुम्ही वीस वर्षांनंतरच्या स्वतःसाठी पैसा ठेवता. दानात तुम्ही कधी न भेटलेल्या कुणासाठी तो देता. आज दोघंही समोर नाहीत, म्हणून त्यांचा वाटा शेवटी उरलेल्या पैशांतून काढायचं ठरवलं तर तो कधीच निघत नाही. पुढच्या पगाराचा मेसेज येईल तेव्हा पहिल्यांदा या दोघांचा वाटा बाजूला काढा. बाकीचे मेसेज नंतर वाचा.